बेळगावच्या विमानातली अर्धी कॉफी

भाग्यलक्ष्मी होनगेकर आणि शुभंकर दातार यांची पहिली भेट ज्या सकाळी झाली, त्या सकाळी बेंगळुरूची बरीच विमानं उशिरा सुटली. वैमानिकांनी धुक्याचं कारण दिलं. बिचारे दुसरं काय सांगणार? खरी गोष्ट अशी की, विमानतळाच्या अंगाला असलेल्या फ्लाइट किचनमध्ये भाग्यलक्ष्मीअक्का दूधवाल्याशी फोनवर बोलत होत्या आणि त्या आवाजाने धावपट्टीवरचे दिवे मिणमिणायला लागले होते. नंदी हिल्सवर सूर्योदय बघायला गेलेले लोक सूर्योदय न बघताच खाली उतरले. बर्फाच्या यंत्रातला बर्फ, आपल्यालाच कुणी बोलतंय असं समजून, विरघळायला लागला.

शुभंकर त्या वेळी लिफ्टमध्ये होता. मूळचा पुण्याचा, गळ्यात नवंकोरं ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉप. लिफ्टचं दार उघडलं, तो आवाज आत आला आणि दार आपण होऊन पुन्हा मिटलं. शुभंकरने ते दोन्ही हातांनी उघडलं. हे त्याच्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात मोठं धाडस.

आतल्या बाईंचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, कन्नडमध्ये चढायचं आणि हिंदीत जाऊन समोरच्याच्या डोक्यावर आपटायचं. "काल तुला काय सांगितलं होतं मी, हालु गट्टी बेकु अंत, और तू पानी लाया?" दूध घट्ट हवं होतं, एवढं शुभंकरला कन्नड न येताही कळलं. त्या आवाजात दूधच काय, कुणीही घट्ट झालं असतं.

फोन ठेवून त्या वळल्या. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, डोक्याला किचनची निळी टोपी, आणि त्या टोपीखाली कुंकू, लहान मुलाने पाटीवर काढावं तेवढं मोठं.

"कोण रे तू?"

"मी शुभंकर. नवीन बेव्हरेज मॅनेजर."

"म्हणजे करणार काय?"

"विमानात पॅसेंजरना कुठली ड्रिंक्स द्यायची ते ठरवणार."

"आणि आजवर कोण ठरवत होतं म्हणे?"

याचं उत्तर कंपनीने शुभंकरला दिलं नव्हतं. समोर बघितल्यावर ते त्याला आपोआप मिळालं.

"पुण्याचा काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"घसा कोरडा पडलाय आणि पाणी मागत नाहीस. मागितलं की उद्या कुणालातरी द्यावं लागंल, ही भीती." असं म्हणून त्यांनी त्याच्यापुढे पाणी आदळलं आणि पाण्यापाठोपाठ कॉफी. ती प्यायल्यावर आपल्या घराण्याने सात पिढ्या चहाच्या नादी लागून आयुष्य फुकट घालवलं, असं शुभंकरला प्रामाणिकपणे वाटलं.

पारिजात एअर ही कंपनी लहान. तिची विमानं पंख्याची, आणि तीही मोजकी. हुबळी, बेळगाव, मंगळूर, कोचीन अशा ठिकाणी ती जात आणि प्रवाशांना आपण विमानात आहोत असं वाटावं म्हणून मधल्या चिंचोळ्या वाटेने एक ट्रॉली फिरे. या ट्रॉल्या भरायचं खातं भाग्यलक्ष्मीअक्कांचं. पाण्याच्या बाटल्या, डब्यातले रस, कोला, सोडा, ताकाची खोकी, थर्मासमधली कॉफी. कुठल्या विमानात काय किती जाणार, हे कागदावर मॅनेजर ठरवायचा आणि मग अक्का त्यांना वाटेल ते भरायच्या.

पेयांबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती ऐकण्यासाठी थांबावं लागत नसे. टोमॅटोचा रस म्हणजे फोडणी द्यायची विसरलेलं सार. "साराला फोडणी नाही, मीठ नाही, वर बर्फ. सासरी असलं केलं असतं तर परत पाठवली असती मला." बिनसाखरेचा कोला हाती आला की त्या डबा कानाशी नेऊन हलवत आणि आत काय आहे असं त्या डब्यालाच विचारत. ग्रीन टी त्यांच्या लेखी आजाऱ्याचं अन्न होतं. तो मागणारा माणूस विमानात कसा चढू दिला, त्याला घरी झोपवायला नको का? आणि डब्यातला आंब्याचा रस? त्यावर त्या बोलत नसत. नुसत्या बघत. रत्नागिरीच्या माणसालाही जेवढा राग आला नसता तेवढा त्या बघण्यात असे.

माहेर खानापूरकडचं. घरी मराठी, शाळा कन्नड. लग्न होऊन बेंगळुरूत बनशंकरीला आल्या. नवरा योगीराज, बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात शिलाई मशिनं दुरुस्त करायचं त्याचं दुकान. अतिशय शांत माणूस. शिवाजीनगरच्या बसस्टँडसमोर दिवसभर हॉर्नच्या गदारोळात बसून तो संध्याकाळी म्हणायचा, आज जरा निवांत गेला दिवस.

तर बाकी सगळ्या विमानांत पुडीची कॉफी जाई. पुडी फोडायची, गरम पाणी ओतायचं. एकट्या बेळगावच्या विमानात खरं डिकॉक्शन जायचं, रात्रभर ठिबकलेलं, आणि वेगळ्या थर्मासमधून उकळतं दूध. हे अक्कांनी मिळवलं होतं. आधीच्या मॅनेजरला त्या म्हणाल्या होत्या, "बेळगावला पुडीची कॉफी जाणार असंल तर ती ट्रॉली मी भरणार नाही. तू भर." त्याने खरंच भरून पाहिली. आठवड्याभरात त्याने कोचीनला बदली मागून घेतली.

शुभंकरला आधी वाटलं, हे माहेरचं प्रेम. तसं ते होतंही. पण दुपारी बेळगावचं विमान परत आलं की सोनम नावाची हवाई सुंदरी रिकामे थर्मास घेऊन खाली यायची आणि तेव्हा रोज एक विचित्र संवाद व्हायचा. अक्का थर्मास उलटा करून बघत, झाकणाला शिव्या घालत, पंख्याच्या वाऱ्याला शिव्या घालत, आणि महिन्यातून एखाद्या दिवशी भिंतीकडे तोंड करून विचारत, "आज होता काय?"

"होते."

"घेतली?"

"घेतली की, अक्का."

"काय म्हणाला?"

"बरी आहे म्हणाले."

त्या दिवशी बर्फवाल्याला निम्मीच बोलणी बसत.

"कोण तो?" शुभंकरने सोनमला एकदा बाजूला घेऊन विचारलं.

तो विश्वेश्वर, अक्कांचा सख्खा भाऊ. बेळगावात बांधकामं घ्यायचा, कामासाठी दर महिन्याला बेंगळुरूला यायचा आणि दुसऱ्या दिवशी याच विमानाने परत जायचा. बहिणीच्या घरी पाऊल टाकत नसे. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात मशिनची कॉफी होती. बटण दाबलं की भुर्र करून फेस. अक्कांनी एक घोट घेतला आणि वरपक्षाच्या देखत विचारलं, "विश्वा, भांडी धुतलेलं पाणी पाहुण्यांना द्यायची पद्धत कधीपासून?" विश्वेश्वर म्हणाला, "तू लग्नाला आलीस का कॉफीला?" अक्का म्हणाल्या, "एक तरी नीट झालं असतं तर कळलं असतं." आणि अक्षतांच्या आधी त्या बस पकडून निघून आल्या. दोघांचं बोलणं तिथे तुटलं.

"त्यांना ठाऊक आहे, कॉफी कुणाची ते?"

"पहिल्याच घोटाला विचारलं त्यांनी, ही कुणी केली म्हणून," सोनम म्हणाली. "मी नाव सांगितलं. सगळा कप संपवला आणि मग म्हणाले, बरी आहे. तेव्हापासून हेच चाललंय."

म्हणजे खानापूरकरांच्या दोन रागीट पोरांमधलं सगळं बोलणं आता त्या थर्मासमधून चाललं होतं. अक्का माहेरी जात नव्हत्या, त्यांची कॉफी जात होती. हे कळल्यावर शुभंकरने बेळगावच्या कॉफीला हात लावायचा नाही असं मनाशी ठरवलं. आणि मग तिची वाट लावली ती त्यानेच.

त्याचं झालं असं. विमानात कॉफी कुणी मोजत नाही. कॉफी पातळ, ती हलते, सांडते, वैमानिक पितात. म्हणून कंपनी कप मोजते. कंपनीचं फूल छापलेला एक कप वापरला गेला म्हणजे एक कॉफी विकली गेली, असा हिशेब. एक दिवस शुभंकरचे साहेब गिरीराज यांनी त्याला वरच्या मजल्यावर बोलावलं. गिरीराज हा माणूस रागावला की हसायचा, त्यामुळे त्याच्या हाताखालची माणसं त्याच्या चांगल्या मूडला फार घाबरत.

"शुभंकर, बेलगाम सेक्टर में कॉफी बिकती है आधी, कप जाते हैं डबल," ते हसत म्हणाले. "बाकी कॉफी कौन बेच रहा है? और पैसा किसकी जेब में?"

शुभंकरने पाहिलं तर खरंच तसं होतं. बाकीच्या विमानांत कप आणि कॉफी जोडीने चालत होते. बेळगावला मात्र कप दुप्पट. आणि अक्का त्या ट्रॉलीत कपांची एक उतरंड जास्तीची भरत होत्या, हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

"पता करो. नहीं तो कॉफी बंद."

आता बेंगळुरूत आठ दिवस राहिलेल्या कुठल्याही माणसाने हे कोडं लिफ्टमध्येच सोडवलं असतं. पण शुभंकर इथे येऊन दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीत राहिला होता. त्याची कॉफी ऑफिसात मशिनमधून यायची, नाहीतर सुट्टीच्या दिवशी झाकण चिकटवलेल्या पेल्यातून दाराशी यायची. तो बेंगळुरूत राहत नव्हता, त्याने बेंगळुरू फोनवरून मागवलं होतं.

कंपनीची व्हॅन सकाळी त्याला इलेक्ट्रॉनिक सिटीहून घ्यायची, मग बनशंकरीला अक्का चढायच्या आणि तिथून सगळं शहर उभं चिरत ती विमानतळाकडे जायची. दुसऱ्या दिवशी त्याने घसा खाकरला.

"अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"बेळगावच्या ट्रॉलीत आपण कप जास्त का भरतो?"

"लागतात म्हणून."

"पण कॉफी तर तेवढी विकली जात नाही."

अक्कांनी खिडकीतून नजर काढून त्याच्यावर ठेवली. नजर ठेवली म्हणण्यापेक्षा तवा ठेवला म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

"मग? काय म्हणायचंय तुला?"

"मी काही म्हणत नाही. सिस्टिममध्ये दिसतंय."

"चोर म्हणाली मला सिस्टिम?"

"तसं नाही..."

"घेऊन ये तिला. बोलाव. माझ्यासमोर उभी कर. एवढी वर्षं मी ह्या हातानं ट्रॉल्या भरतेय, एक बिस्कीट तोंडात टाकलं नाही, आणि तू काल आलेला, लॅपटॉप मांडीवर घेऊन, ओटीच्या सुपासारखा, मला विचारतोस कप कुठं गेले?" त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "गाडी निल्लिसप्पा."

ड्रायव्हरने रस्ता, सिग्नल, मागचा ट्रक, कशाचाही विचार न करता गाडी थांबवली. अक्का उतरल्या. शुभंकर उतरला, कारण त्याची कॉलर त्यांच्या हातात होती.

समोर एक दर्शिनी होती. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर असतात तसलं, उभ्याने खायचं हॉटेल. गल्ल्यावरच्या माणसाला अक्का म्हणाल्या, "अण्णा, ओंदु बाय-टू." एक कॉफी आली, दोन पेल्यांत विभागून. त्यातला एक त्यांनी शुभंकरच्या हातात खुपसला.

"हे काय?"

"कॉफी."

"कॉफी किती?"

"एक."

"पेले किती?"

"दोन."

"चोर कोण?"

शुभंकरने आजूबाजूला पाहिलं. बँकेत चाललेले दोघे, पायात बूट घालून फिरायला निघालेले म्हातारे, हेल्मेट काखेत धरलेल्या पोरी, सगळं हॉटेल एकाचे दोन करून पीत होतं. ज्याच्याबरोबर कुणी नव्हतं तो शेजारच्याकडे बघत होता.

"विमानात पण हेच," अक्का म्हणाल्या. राग गेला नव्हता, नुसता आचेवरून उतरवून बाजूला ठेवला होता. "बेळगावची माणसं काय, इथली माणसं काय, एक कॉफी सांगतात आणि एक कप जास्त दे म्हणतात. पूर्ण प्यायची तर एकटा पितो माणूस. अर्धी प्यायची तर शेजारच्याला विचारावं लागतं. विश्वा तर शेजारचा ओळखीचा नसला तरी पाजतो. लहानपणापासून खोड आहे त्याला, एकट्याच्या घशाखाली उतरत नाही."

शुभंकरला अतिशय शरम वाटली. ती विमानतळापर्यंत टिकली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण पुण्याच्या माणसाला एखादी गोष्ट उशिरा कळली की ती आपणच शोधून काढली असं वाटायला फार वेळ लागत नाही. हेब्बाळचा उड्डाणपूल येईपर्यंत त्याने लॅपटॉप उघडला होता.

त्याने गिरीराजसाहेबांना रंगीत चित्रं दाखवून बाय-टू समजावून सांगितलं. चोरी नाही, कुणी पैसे खात नाही, ही इथली रीत आहे. साहेब पहिल्यांदाच न हसता ऐकत होते, म्हणजे खूश होते.

"ब्रिलियंट," ते म्हणाले. "यही तो लोकल टच है. इसको मेनू पे डालो."

आणि पुढच्या महिन्यात बेळगावच्या विमानात सीटच्या खिशात नवं कार्ड आलं. त्यावर एक तरुण आणि एक तरुणी, दात दाखवत, एकमेकांच्या कपात बघत होते. वर लिहिलं होतं 'टुगेदर कॉफी'. एक कॉफी, दोन खास कप, किंमत एका कॉफीच्या दीडपट. खाली बारीक अक्षरांत, रिकामा कप वेगळा मिळणार नाही. ती बारीक अक्षरं शुभंकरला दिसली होती. पण अभिनंदनाची मेल सगळ्या कंपनीला गेली होती आणि तीत त्याचं नाव होतं, तेव्हा त्याने त्या अक्षरांकडे पुन्हा बघितलं नाही.

अक्कांनी कार्ड हातात धरलं. आधी त्या जोडप्याकडे पाहिलं.

"ह्यांचं लग्न ठरलंय काय?"

"नाही, मॉडेल आहेत."

"मग एवढं हसायला काय झालं?" मग त्यांनी किंमत वाचली. मग बारीक अक्षरं वाचली. मग त्या जे बोलल्या ते तीन भाषांतलं होतं आणि त्यातलं मराठी तेवढं इथे देता येण्यासारखं आहे. "बाय-टू विकायला काढलंस? रिकाम्या कपाचे पैसे? उद्या शेजाऱ्याशी बोलायचे पैसे लाव. खिडकीतून बघायचे लाव. अरे, माणूस अर्धी कॉफी दुसऱ्याला देतो, ती त्याची असते. तू कोण मधे हात घालणार?"

"अक्का, यामुळे कॉफी वाचली तरी."

"ही वाचली? पोस्टरवर बसवलीस तू तिला."

विमानातले लोक अक्कांइतके मोठ्याने बोलले नाहीत, पण म्हणाले तेच. एक कप जास्त द्या म्हणत, सोनम कार्ड दाखवी, लोक कार्ड उलटसुलट करत आणि राहू दे म्हणत. कोणी हट्टाने एकट्यासाठी घेतलीच तर शेजाऱ्याकडे पाठ करून, पाप केल्यासारखी पिऊन टाकी. दोन अनोळखी पुरुषांनी 'टुगेदर कॉफी' मागायची म्हणजे त्या चित्राकडे बघून मागायची. बेळगावच्या माणसाला ते कसं जमावं? थर्मास भरलेले परत यायला लागले. विक्री अशीच राहिली तर तिमाहीनंतर पुडी, असं वरून कळलं.

आणि मग विश्वेश्वरची खेप आली. सोनम खाली आली ती थर्मासमागे तोंड लपवत.

"होता काय?" अक्कांनी भिंतीला विचारलं.

"होते. घेतली नाही."

"का?"

"सुटा कप मागितला, मी कार्ड दाखवलं."

"काय म्हणाला?"

सोनम शुभंकरकडे बघायला लागली.

"मला विचारलं तुला. काय म्हणाला तो?"

"म्हणाले, तिला सांग, लग्नातली मशिनची कॉफी फुकट तरी होती."

खोलीतले सगळे लोक, ओळीने, आपापल्या ट्रॉलीच्या मागे गेले. पण अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी भरलेला थर्मास मोरीत पालथा केला आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत धरून ठेवला. मग शुभंकरला म्हणाल्या, "माझा भाऊ मला आजवर खूप बोललाय. सगळं खोटं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. आज पहिल्यांदा खरं बोलला. ते तुझ्यामुळं."

व्हॅनमध्ये त्या संध्याकाळी त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. शुभंकरला अक्कांच्या ओरडण्याची इतकी सवय झाली होती की ती शांतता त्याला सोसवेना. बनशंकरी येताना तो म्हणाला, "मी उद्या साहेबांशी बोलतो."

"बोल. आणि आणखी एक कार्ड छापून आण."

तो बोलायला गेलाही. साहेब हसले. मग तो परत आला.

पुढच्या आठवड्यात थर्मास रिकामे यायला लागले. शुभंकरला आनंद झाला. विकलेल्या कॉफ्या आणि वापरलेले कप अगदी जोडीने चालत होते, लोकांना बहुतेक कार्ड आवडायला लागलं असावं. मग एकदा ट्रॉलीचा खालचा खण बंद होईना म्हणून त्याने वाकून बघितलं. पेपर नॅपकिनच्या मागे पांढऱ्याफेक कपांची उतरंड होती. ना फूल, ना कंपनीचं नाव. शिवाजीनगरच्या बाजारात योगीराजच्या दुकानाशेजारी मिळतात तसले.

"अक्का, हे बाहेरचं सामान आहे. विमानात न तपासलेली काडी जात नाही. हे सापडलं तर..."

"सापडलं तर?"

"तुमची नोकरी जाईल."

"आणि नाही घातले तर माझी कॉफी जाईल. तू सांग काय घालवू." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "तुला सांगायचं असंल तर जा, वर जाऊन सांग. लिफ्ट चालू आहे."

शुभंकरने लिफ्टकडे पाहिलं. मग त्याने नॅपकिन पुढे ओढून कप नीट झाकले आणि खण गुडघ्याने दाबून बंद केला. ट्रॉलीला तपासणीचं सील लागलं. बिनचूक माणूस म्हणून त्याची पुण्यात ख्याती होती.

त्या महिन्यात विश्वेश्वरने कॉफी घेतली. एक सुटा पांढरा कप मागून घेतला, अर्धी शेजारच्या एका डॉक्टरला पाजली आणि सोनमकडून कपांची सगळी हकीकत काढून घेतली. "बरी आहे," तो म्हणाला. आणि उतरताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणखी काहीतरी म्हणाला. "तिला म्हणावं, पुढच्या खेपेला वेळ मिळाला तर बनशंकरीला चक्कर टाकतो."

"वेळ मिळाला तर," अक्का म्हणाल्या. "मंत्री लागून गेलाय." पण त्या दिवशी बर्फवाल्याला त्यांनी बस म्हटलं.

मधल्या काळात गिरीराजसाहेबांकडे बेळगावच्या कॉफीचे सुधारलेले आकडे गेले होते. आकडे चांगले आले की साहेबांना ते प्रत्यक्ष पाहावेसे वाटत. त्यांनी कुणालाही न सांगता बेळगावचं तिकीट काढलं आणि विमान केवढंसं, त्यांना विश्वेश्वरच्या शेजारची जागा मिळाली.

विश्वेश्वर कामं आटपून परत चालला होता. बहिणीकडे जायला या खेपेला काही वेळ मिळाला नव्हता, पुढच्या खेपेला नक्की, असं तो चढताचढता सोनमला म्हणाला होता. ट्रॉली आली. सोनमने साहेबांना ओळखलं, तिचे हात थांबले. विश्वेश्वरने तिच्या हातून कॉफी घेतली, सवयीने खालच्या खणाकडे बोट दाखवलं, "तो दे की एक," म्हणाला, आणि तिने काही करायच्या आत स्वतःच हात घालून पांढरा कप काढला. अर्धी कॉफी त्यात ओतून त्याने साहेबांपुढे धरली.

साहेबांनी ती घेतली. प्यायले. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, पूर्ण प्यायले. मग रिकामा कप फिरवून फिरवून त्यावरचं फूल शोधायला लागले.

"अच्छी कॉफी है," ते हसत म्हणाले. "ये कप कहाँ से आया?"

विश्वेश्वरला वाटलं, माणूस कौतुक करतोय. बहिणीचं नाव त्याने किती दिवसांत कुणापुढे घेतलं नव्हतं. तो सीटमध्ये वळून बसला आणि मागच्यापुढच्या ओळींना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी सख्खी बहीण बनाती है. उसके जैसी कॉफी पूरे बेंगळुरू में नहीं. और ये कंपनीवाले एक कप देने को रडते हैं, तो कपही उसीने घरसे भेजे. हमारे घर की है वो, किसी के बाप को घाबरत नहीं."

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर अक्का, सोनम आणि शुभंकर उभे होते. टेबलावर तो कप होता. साहेब इतके हसत होते की बघवत नव्हतं. सुरक्षा, सील, परवाना, सगळं बोलून झाल्यावर त्यांनी अक्कांना विचारलं, "शरम नहीं आयी?"

शुभंकरचा आवाज चढला तेव्हा तो कुणाचा आहे हे आधी त्याच्याही लक्षात आलं नाही. तो मराठीत सुरू झाला होता. "शरम कुणाला वाटायची? अर्धी कॉफी शेजाऱ्याला देणाऱ्या माणसाकडून तुम्ही कपाचं भाडं घेता, आणि शरम अक्कांना? ते कार्ड मी केलं, मूर्ख मी. सील लावायच्या आधी कप मी बघितले आणि मीच झाकले. काढायचं तर मला काढा." मग साहेबांना मराठी येत नाही हे आठवून त्याने सगळं हिंदीत पुन्हा सांगितलं, आणि हिंदीत ते आणखी वाईट वाटलं.

खाली येताना लिफ्टमध्ये सोनमने हळूच विश्वेश्वर विमानात काय म्हणाला ते अक्कांना सांगितलं. शब्दन् शब्द.

"सख्खी म्हणाला?"

"हो."

"सगळ्यांच्या देखत?"

"मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं."

"आणि हे मला तोंडावर सांगायला ह्याची जीभ झडली होती काय?" अक्का म्हणाल्या, आणि लिफ्टच्या दाराला त्यांनी अशी काही थाप मारली की ते दोन मजले आधीच उघडलं.

मॅनेजरनेच कबूल केल्यामुळे अक्कांची नोकरी राहिली. शुभंकरची बदली सामानाच्या विभागात झाली. बेळगावच्या विमानात पुडीची कॉफी सुरू झाली. ती कुणी घेत नाही म्हणून काही महिन्यांनी तीही बंद केली. आता तिथे पाणी आणि डब्यातला आंब्याचा रस मिळतो. अक्का सँडविचना लोणी लावतात. विश्वेश्वर हल्ली रेल्वेने येतो, यशवंतपूरला उतरतो, काम आटपतो आणि, बनशंकरीला जायला वेळ मिळत नाही म्हणून, संध्याकाळच्या गाडीने परत जातो.